सर्कलला सायकल वळवताना
गाळप सुरू झालं, की नगर-मनमाड रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या! सर्कलला वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकत येते. म्हणून ट्रॉली अन् रस्त्याची कड यांच्यामधे आम्ही सायकल घालत नाही. तिला पुढं जाऊ देतो. सर्कल उजव्या हाताला ठेवायचं, आधीच आत आलेल्या गाडीला वाट द्यायची. बाहेर पडताना मागं बघून डावा हात खांद्याइतका सरळ काढायचा, मग हात हँडलवर आणि मगच वळायचं. नुसती मान हलवून ड्रायव्हरला काय कळणार? एका हातानं सायकल सावरत नसेल तर उतरून चालावं, त्यात लाज कसली! रविवारी आम्ही शाळेच्या मैदानात फक्कीचा गोल आखून हाच सराव करतो. पदर खोचून या.