दुपारचा बर्फ
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानातून)



परवा लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काका, उन्हाळ्यात कसलं आलंय हिमस्खलन?" तेच आज सांगतो.

हिवाळ्यात बर्फाचे थरावर थर साचतात. मार्चनंतर ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं आणि थरांची पकड सैल होते. रात्री आभाळ निरभ्र असलं की हा ओला बर्फ पुन्हा गोठतो. पहाटे पाय ठेवला तर टणक लागतो. दुपारी तोच उतार ओल्या साखरेसारखा होतो. म्हणून निघायचं पहाटे, आणि ऊन चढायच्या आत धोक्याचे उतार पार करायचे.

चार गोष्टी बघा. एक, रात्री बर्फ गोठला का? ढगाळ रात्र गेली तर बहुधा नाही. दोन, पाय किती रुततो? घोट्याच्या वर जायला लागला की परत फिरा. तीन, उतार किती? बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. पण वर असा उतार असेल तर खालची सपाट वाटही सुरक्षित नाही. चार, ऊन कुठे आहे? पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागले, तर तो इशाराच समजा.

काही वर्षांपूर्वी मनालीच्या वर आम्ही सात जण होतो. रात्रभर आभाळ भरलेलं. पहाटे गाईडने बर्फात काठी खुपसली, ती अलगद आत गेली. तो म्हणाला, "आज नहीं, साहब." आम्ही चिडलो. रजा गेली, पैसे गेले. मी तर त्याच्याशी वादच घातला, त्याची आजही लाज वाटते. त्या दिवशी वर काही कोसळलं का, ते कळलं नाही. पण सातही जण घरी येऊन जेवलो.

म्हणून पालकांना एकच विनंती. मूल खिंडीच्या अलीकडून परत आलं, तर "एवढे पैसे भरून परत आलास?" असं म्हणू नका. पुढच्या वेळी हेच वाक्य त्याला नको तिथे पुढे ढकलेल.