हाड मोडले तरी पाय जाता कामा नये
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आज पुष्कळ बोलून झाले. आम्ही बोलणार आहोत ते आपल्या हातापायांविषयी. मळणीयंत्रात हात जातो, ट्रॅक्टर उलटतो, गाडीचे चाक पायावरून जाते. मोडलेले हाड बहुधा जुळते. घर बसते ते हाडात पू झाल्यावर.

१९७६ साली अमेरिकेतील गस्टिलो आणि अँडरसन या डॉक्टरांनी १०२५ उघड्या मोडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उघडी मोड म्हणजे हाडाबरोबर चामडीही फाटलेली. कापसाची करतात तशी त्यांनी या जखमांची प्रतवारी केली. शेतात झालेली उघडी मोड त्यांनी सरळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या प्रतीत टाकली. कारण उघड आहे. आपल्या जखमेत माती जाते, शेण जाते, धसकटाचा कचरा जातो.

मग औषध का लागू पडत नाही? औषध रक्तातून जाते. चेचलेल्या, मेलेल्या हाडात रक्तच नसते. पाटाला पाणी असून शेवटचे वावर कोरडे राहावे तसे. आत बसवलेल्या पट्टीवर किंवा सळईवर जंतू चिकट थर करून राहतात. म्हणून आधी जखम भरपूर धुवून मेलेला भाग कापून काढावा लागतो. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

दुसरे कारण तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारले की कच्ची अळी मरते, चिवट उरते आणि तिचीच पैदास वाढते. बीटी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आपल्याला हे शिकवले. जंतूंचेही तसेच. मेथिसिलिन १९५९ साली आले आणि १९६१ साली त्याला दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये नोंदले गेले. शिवाय जंतू अळीच्या एक पाऊल पुढे आहेत. ते ही चिवटपणाची विद्या शेजारच्या जंतूला देऊ शकतात.

याचा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणारे आहेत, सर्दीपडशाला सुई टोचणारे आहेत. पण आपलेही हात कोरडे नाहीत. कपाशीच्या करप्यावर आपण स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलो. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते, ही माणसाचीच औषधे. शेतकीची पदवी घेऊन आम्हीच त्याची शिफारस करत फिरलो, हे येथे कबूल करतो. शेतीतला हा वापर थांबवण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. कोंबड्या-जनावरांसाठीचे कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये बंद केले.

आता करायचे काय? उघड्या मोडीवर हळद, चुना, तंबाखू, शेण काही लावू नका. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापड झाका, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून अवयव हलणार नाही असा बांधा आणि १०८ ला फोन करा. हाडवैद्याकडे थांबू नका. प्रतिजैविकाची पहिली सुई तासाभरात मिळावी, धनुर्वाताचीही मिळावी. पुढचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस. मनाने कमी नाही आणि मनाने जास्तही नाही. महिन्यांनी जखम वाहू लागली तर दुकानातून गोळ्या आणू नका. पेरणीआधी माती तपासतो तसा पू तपासून घ्या. कोणता जंतू आहे आणि कोणते औषध त्याला मारते, हे त्या तपासणीत कळते.

अपघातात एक पाय गेला तर सरकारची योजना शेतकऱ्याला एक लाख रुपये देते. आमचे म्हणणे एवढेच, की पाय गेल्यावर लाख देणाऱ्याने पाय वाचवणारी सुई आधी द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सुई रात्रीही मिळते का? जिल्ह्याच्या दवाखान्यात पू तपासला जातो का? प्रत्येक तालुक्याने जाऊन विचारावे आणि पुढच्या बैठकीत लेखी उत्तर घेऊन यावे. ते उत्तर हातात आले की पुढचे आंदोलन ठरवू.