वळणावर गाडी झुकवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकीगत सांगते. मला मात्र कार्यवाहबाईंनी बजावले की, "तुम्ही मोटारसायकलीवरच बोला." माझ्या मोटारसायकलीविषयी गावात माझ्यापेक्षा इतरच अधिक बोलतात, तेव्हा आज दहा मिनिटे मलाही बोलू द्यावे.

आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे की मी पाचगणीच्या एका शाळेत गणित शिकवते. २०२१ साली ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ह्यांचा डावा हात अजून नीट साथ देत नाही. दुपारी ह्यांना व्यायामासाठी न्यायचे म्हणजे मला वेळेवर घरी पोचणे भाग, आणि एस. टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेना. ह्यांची दीडशे सी. सी.ची मोटारसायकल अंगणात धूळ खात उभी होती. माहेरी असताना वडिलांच्या राजदूतवर हात बसला होता, म्हणून धीर करून ती बाहेर काढली. ह्यांनी पलंगावरून एकच सूचना दिली : "घाटात गाडी सरळ ठेव. वाकवलीस की घसरलीस." ती सूचना मी वर्षभर इमानाने पाळली, आणि तीच एके दिवशी माझ्या जिवावर बेतली.

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. शाळा सुटल्यावर पसरणी घाट उतरत होते. उशीर झाला होता, त्यामुळे उतारावर वेग थोडा वाढला होता. पुढे डावीकडचे वळण आणि खालून एस. टी. चढत येत होती. मी बसकडे पाहिले आणि माझे अंग लाकडासारखे झाले. हात ताठ, पुढचा ब्रेक मुठीत. गाडी वळायची सोडून उभी राहिली आणि सरळ बसच्या दिशेने निघाली. ड्रायव्हरने करकचून बस थांबवली. आमच्यात चार हातांचे अंतर उरले होते. मला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. तो खिडकीतून वाकून एवढेच म्हणाला, "बाई, मी तुमच्याकडं बघत होतो अन् तुम्ही माझ्याकडं. मग रस्त्याकडं बघायचं कुणी?"

ते वाक्य रात्रभर डोक्यात घुमत राहिले. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते, आणि ह्यांना खरे काय घडले ते सांगण्याचे धाडसही झाले नाही. माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअर आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मोटारींच्या शर्यतींचा मार्ग आहे. तेथे तो दोन दिवस गाडी चालवण्याचे शिक्षण घेऊन आला होता. सुट्टीत तो आला तेव्हा त्याला सगळे सांगितले. त्याने आधी गाडीचे टायर पाहिले. मधला भाग झिजून चपटा झालेला, आणि दोन्ही कडांना दोन बोटे रुंदीची पट्टी कोरी करकरीत. "मावशी," तो म्हणाला, "ही कोरी पट्टी म्हणजे तू न वापरलेले वळण."

शिकायला जागा कोठली? एका मंगल कार्यालयासमोर गाड्या लावण्याचे काँक्रीटचे मोठे पटांगण आहे. पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा ते ओस पडते. मालकांना विचारून तेथे खुंटी धरली, वीस फुटांची दोरी बांधली आणि चुन्याने वर्तुळ आखले. सकाळी सात वाजता, डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, पायात बूट, अंगात जाड जाकीट अशा थाटात मी त्या वर्तुळावर फेऱ्या घालू लागले. (साडी नेसून हा उद्योग कोणी करू नये, हे सांगून ठेवते.)

पहिल्या दिवशी मला वाटले, मी जमिनीला टेकते आहे. भाच्याने मोबाईलवर फोटो काढला होता. घरी येऊन मी त्या फोटोवर शाळेतला कोनमापक ठेवला. कल भरला अवघा सोळा अंश! मला तो चाळीस वाटत होता. भगिनींनो, भीतीचे कोनमापक किती खोटे असते, ते मला त्या दिवशी कळले.

मग गणित मांडले. गाडी वळते तेव्हा तिला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर ओढ चौपट. ती तोलण्यासाठी गाडी आत झुकावी लागते. आमच्या वीस फुटी दोरीच्या वर्तुळात ताशी १५ किलोमीटर वेगाला साधारण १६ ते १७ अंश कल लागतो, २० किलोमीटरला २७ अंश आणि २२ किलोमीटरला ३२ अंश. म्हणजे वेग थोडा वाढला तरी कल पुष्कळ वाढतो. उलट बाजूने पाहा : त्या वेगाला तेवढा कल दिला नाही, तर गाडी त्या वर्तुळात राहणारच नाही, ती बाहेर जाणार. झुकलेली गाडी पडत नाही. त्या वेगाला तोच तिचा तोल असतो. घाटात मी गाडी सरळ ठेवत होते, म्हणजे तिला वळायचीच बंदी करत होते.

दुसरा धडा हातांचा. डावीकडे झुकायचे तर हँडलचे डावे टोक हलकेच पुढे ढकलायचे. ऐकायला उलटे वाटते, कारण त्याने चाक क्षणभर उजवीकडे जाते. पण त्यामुळेच गाडी डावीकडे कलते. विमान बनवणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे व्यावसायिक. त्यांतल्या विल्बर राइट यांच्या हे ध्यानात आले होते की प्रत्येक सायकलस्वार डावीकडे वळताना आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो, आणि बहुतेकांना आपण असे करतो हे ठाऊकही नसते. आपणही लहानपणी सायकलवर हेच केले आहे. मोटारसायकल जड असते, म्हणून ते जाणून करावे लागते. ताठ हातांनी ते जमत नाही. कोपर सैल, गुडघे टाकीला घट्ट, आणि खांदे वळणाच्या आतल्या अंगाला थोडे पुढे. अंग आत नेले की तेवढ्याच वळणाला गाडी थोडी कमी झुकवावी लागते. शर्यतीतले लोक गुडघा जमिनीला टेकवतात, त्यात हीच युक्ती आहे.

तिसरा धडा डोळ्यांचा, आणि तो त्या ड्रायव्हरनेच दिला होता. नजर जाते तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे पाहाल तर खड्ड्यात, कठड्याकडे पाहाल तर कठड्यावर. हनुवटी वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहावे. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. गिअरही तेव्हाच उतरवायचा. वळणात मूठ अगदी हलकी, एकसारखी पिळलेली ठेवायची. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की ती उभी होते आणि बाहेर धावते. माझे तेच झाले होते.

महिन्याभरात माझा कोन सोळावरून तिसापर्यंत आला. टायरची कोरी पट्टी दोन बोटांवरून एका बोटावर आली.

आता कोणी म्हणेल, मग ही बाई घाटात सुसाट जात असेल. उलट आहे. शर्यतीच्या मार्गावर स्वच्छ डांबर असते, तापवलेले मऊ टायर असतात. तेथे मोठे शर्यतपटू ६० अंशांच्याही पुढे झुकतात. स्पेनची आना कारास्को हिने २०१८ साली पुरुषांच्या बरोबरीने धावून सुपरस्पोर्ट ३०० गटाचे जगज्जेतेपद मिळवले. तिचे मला कौतुक आहे, पण तिचा रस्ता माझा नव्हे. आपल्या घाटात पावसाने वाहून आलेली खडी असते, सांडलेले डिझेल असते, पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात. म्हणून मी वळणात पूर्वीपेक्षा हळू शिरते. शिकलेला कल बटव्यातल्या नोटेसारखा मागे ठेवलेला असतो. रोजच्या भाजीला तो मोडायचा नाही.

तो एकदाच मोडावा लागला. मार्च २०२३, परीक्षेचे दिवस. उतरताना डावीकडचे वळण, पुढे जाऊन अधिकच आवळणारे. समोरून एक ट्रक रुंद वळण घेत माझ्या निम्म्या रस्त्यावर आला. छातीत धस्स झाले, हात ताठ होऊ पाहत होते. पण नजर ट्रकवर गेली नाही. ट्रक आणि डोंगर यांच्यामध्ये जी फट होती तिच्या पलीकडे मी पाहिले आणि डावे टोक ढकलले. गाडी झुकली, आणखी झुकली. खालून फुटरेस्ट रस्त्याला घासल्याचा करकर आवाज आला, आणि मी पलीकडे होते. पुढच्या मोकळ्या जागी थांबले. पाय थरथरत होते, ते थांबेपर्यंत गाडीवर बसता आले नाही.

घरी आल्यावर ह्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, बसचीही आणि ट्रकचीही. हे काठी टेकीत अंगणात आले, खाली वाकले, आणि घासून चकाकणाऱ्या फुटरेस्टवर उजव्या हाताचे बोट फिरवले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा वर्षांत माझ्याकडून हे कधी घासलं नव्हतं. मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

आता रविवारी सकाळी हेही पटांगणावर खुर्ची टाकून बसतात. कोनमापक त्यांच्याच हातात असतो, आणि अर्ध्या अंशाचीही सूट मिळत नाही.

आपल्या मंडळातल्या कितीतरी भगिनी स्कूटर चालवतात आणि वळण आले की श्वास रोखतात, हे मी पाहिले आहे. स्कूटरलाही हेच नियम लागू आहेत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी रविवारी सात वाजता यावे. हेल्मेट आणि बूट आपले आणावेत. दोरी आणि चुना मी आणीन.