सगळं हिरवं होतं, पण डिस्क लिहीत नव्हती

आजचा भाग सर्व्हरचा आहे, पण सुरुवात दुधापासून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत नवीनच लागलो होतो आणि त्या आठवड्यात ऑन-कॉलचा फोन माझ्याकडे होता. पहाटे पावणेसहाला फोन वाजला. पलीकडे एका दूध संकलन केंद्रावरचे काका.

"साहेब, मशीन पावती देतंय, पण मघाशी घातलेल्या नोंदी यादीत दिसत नाहीत. इथं रांग लागलीय. काय करू?"

मी लॅपटॉप उघडला, क्लस्टरचा स्टेटस बघितला. दोन्ही नोड ऑनलाइन. आयपी चालू, डिस्क माउंट झालेली, अ‍ॅप चालू. सगळं हिरवं. मी अगदी आत्मविश्वासानं सांगितलं, "काका, आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमचं नेट बघा जरा."

हे वाक्य मला अजून टोचतं. नेट नीट होतं आणि काका बरोबर होते. आमची डिस्क पहाटे चारच्या सुमारास लिहायची बंद झाली होती. अ‍ॅप नोंद मेमरीत घ्यायचं, पावती द्यायचं, आणि डिस्कवर लिहिताना गप आपटायचं. हे कळून दुरुस्त होईपर्यंत सकाळच्या संकलनाच्या नोंदी गेल्या. लिटर, फॅट, एसएनएफ, सगळं. काकांनी सवयीनं वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या केंद्राचं वाचलं. बाकी ठिकाणी लोकांना सांगावं लागलं, पावती जपली असेल तर घेऊन या. दहा दिवसांचं दूध बिल त्या नोंदींवर निघतं. ज्याच्या घरी एकच म्हैस आहे, त्याची पावती हरवली असेल तर?

तर आजचा प्रश्न हा: दोन-दोन सर्व्हर होते, लक्ष ठेवायला एजंट होते, तरी कुणालाच कसं कळलं नाही?

आधी दोन मिनिटांत मांडणी समजून घेऊ. हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर म्हणजे एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. आमचे दोन्ही नोड व्हर्च्युअल मशीन होते. दोघांना एकच व्हर्च्युअल डिस्क दिसायची, पण एका वेळी एकानंच ती माउंट करायची. हे सगळं सांभाळत होतं पेसमेकर. लिनक्सच्या जगात क्लस्टर म्हटलं की हे नाव येतंच.

पेसमेकर स्वतः डिस्कला हात लावत नाही. त्यासाठी त्याच्याकडे रिसोर्स एजंट असतात. एजंट म्हणजे बहुतेक वेळा एक साधी स्क्रिप्ट. तिला मुख्यतः तीन कामं येतात: चालू कर, बंद कर, आणि बघून सांग. या "बघून सांग"ला मॉनिटर म्हणतात. फाइल सिस्टिमच्या एजंटचं नावच फाइलसिस्टिम आहे. त्याच्या स्वतःच्या माहितीत सुचवलेलं मॉनिटरचं अंतर 20 सेकंद आणि टाइमआउट 40 सेकंद. बहुतेक लोक तेच आकडे ठेवतात आणि पुढं जातात. आम्हीही तेच केलं होतं.

आता खरी गंमत. हा एजंट दर 20 सेकंदांनी नक्की काय बघतो? वर्गातली हजेरी आठवा. सरांनी नंबर पुकारला, मागच्या बाकावरून "येस सर" आलं, झाली हजेरी. पोरगं जागं आहे का, वही उघडली आहे का, कुणी विचारत नाही. एजंटची नेहमीची तपासणी अगदी अशीच. तो माउंटची यादी बघतो. डिस्क यादीत आहे? आहे. हिरवा दिवा. डिस्कला तो शिवतसुद्धा नाही.

त्या पहाटे काय झालं होतं, तर हायपरव्हायझर आणि स्टोरेज यांच्यामधला रस्ता काही मिनिटं तुटला. लिहिणं फसलं. एक्स्ट-फोर फाइल सिस्टिमला तिचं जर्नल लिहिता आलं नाही, की ती स्वतःला वाचवायला फक्त-वाचा अवस्थेत जाते. रस्ता नंतर आपोआप जुळला, पण फाइल सिस्टिम तशीच अडून राहिली. ती माउंटच्या यादीत होतीच, त्यामुळे एजंटच्या हिशोबानं सगळं ठीक. अ‍ॅपवर जी नजर होती, ती फक्त प्रोसेस जिवंत आहे का एवढंच बघणारी. प्रोसेस जिवंत होती.

असे प्रश्न इतर एजंटकडेही असतात. पोस्टग्रेसच्या एजंटचा ठरलेला प्रश्न कोणता, माहितीय? "सिलेक्ट नाऊ." म्हणजे डेटाबेसला विचारायचं, किती वाजले? उत्तर आलं म्हणजे डेटाबेस बोलतोय एवढं नक्की. पण तुमच्या टेबलात नवीन ओळ जातेय का, हे त्यातून कळत नाही.

मग उपाय काय? फाइलसिस्टिम एजंटला प्रश्न किती खोलवर विचारायचा, हे सांगता येतं. त्या सेटिंगचं नाव ओसीएफ चेक लेव्हल. तीन पायऱ्या आहेत.

लेव्हल 0 म्हणजे हजेरी. ती आपण बघितली.

लेव्हल 10 म्हणजे पुस्तक उघडून सुरुवातीच्या दोन ओळी वाचून दाखव. एजंट डिस्कचा अगदी पहिला भाग थेट वाचतो. "थेट" महत्त्वाचं, कारण आधी वाचलेलं लिनक्स मेमरीत ठेवतो, आणि तिथून उत्तर मिळालं तर मेलेली डिस्कही जिवंत वाटेल. पण ही पायरी फाइल सिस्टिमला विचारतच नाही, खालच्या डिस्कला विचारते. आमच्या केसमध्ये लेव्हल 10 असतं तरी दिवा हिरवाच राहिला असता, कारण रस्ता जुळल्यावर वाचन नीट चाललं होतं.

लेव्हल 20 म्हणजे फळ्यावर लिही आणि लिहिलेलं वाचून दाखव. एजंट त्या फाइल सिस्टिमवर एक छोटी स्टेटस फाइल लिहितो आणि परत वाचतो. काकांनी त्या पहाटे नेमकं हेच केलं होतं. नोंद घातली आणि यादीत दिसते का ते बघितलं. आमच्या एजंटला जे सापडलं नाही, ते त्यांना सापडलं.

एक सूचना. डिस्क एनएफएसवरून आलेली असेल, तर तिथं रूटला लिहायची परवानगी बहुतेक वेळा नसते. मग लेव्हल 20 डिस्क चांगली असतानाही नापास होईल. त्या फोल्डरची परवानगी आधी बघा.

आता तुम्ही म्हणाल, मग लावा लेव्हल 20 आणि झोपा निवांत. मीही तेच केलं. रागाच्या भरात अंतर 10 सेकंद, टाइमआउटही 10 सेकंद. आणि दुसरी चूक तिथं झाली.

रात्री बॅकअप चालायचा. स्नॅपशॉट घेताना व्हर्च्युअल मशीन जरा अडखळायचं, स्टोरेज मंद व्हायचं. कधी स्टेटस फाइल लिहायला पंधरा सेकंद लागले, की एजंट म्हणायचा, नापास! मॉनिटर नापास झाला की पेसमेकरची ठरलेली कृती म्हणजे रीस्टार्ट. डिस्क बंद करायची तर तिच्यावर चालणारं अ‍ॅपही आधी बंद. एका रात्रीत धडधाकट अ‍ॅप तीनदा बंद-चालू झालं. आधी एजंट आंधळा होता, आता मी त्याला घाबरट करून ठेवलं होतं.

इथं मला आकड्यांचं नातं कळलं. लिनक्समध्ये डिस्कची स्वतःची एक सहनशक्ती असते. स्कझी डिस्कला दिलेल्या कमांडची वाट किती बघायची, हा आकडा साधारणपणे 30 सेकंद असतो. व्हीएमवेअरच्या मशीनमध्ये त्यांचं टूल्स पॅकेज टाकलं की तो 180 होतो. शिवाय कर्नल पुन्हा प्रयत्न करतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी वेळ जाऊ शकतो. आता डिस्क 180 सेकंद थांबायला तयार आणि एजंट 10 सेकंदांत वैतागणारा, तर भांडण होणारच. म्हणून टाइमआउट लिहिण्याआधी तुमच्या मशीनवर डिस्कचा आकडा काय आहे, तो उघडून बघा. एजंटचा टाइमआउट त्याहून कमी ठेवायचा असेल तर तो जाणूनबुजून ठेवा, कुठून तरी कॉपी झाला म्हणून नको.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. हे आकडे आमचे आहेत, डोळे मिटून उचलू नका.

एक. हजेरीवाला मॉनिटर तसाच ठेवला, दर 20 सेकंदांनी. तो हलका आहे, आणि कुणी चुकून डिस्क अनमाउंट केली तर लगेच ओरडतो.

दोन. त्याच रिसोर्सवर दुसरा मॉनिटर जोडला. लेव्हल 20, दर 60 सेकंदांनी, टाइमआउट 100 सेकंद. आमच्या डिस्कचा आकडा 30 होता, आणि बॅकअपच्या रात्री सगळ्यात जास्त किती वेळ लागतो ते आठवडाभर मोजलं होतं. लक्षात ठेवा, एकाच रिसोर्सवरच्या दोन मॉनिटरचं अंतर वेगळं असावं लागतं. दोन्हीकडे 20 सेकंद लिहिलं तर चालत नाही.

तीन. खोल तपासणी नापास झाली तर काय करायचं, ते बदललं. रीस्टार्टऐवजी फेन्स.

फेन्स म्हणजे आजारी नोडची वीजच काढणं. ऐकायला क्रूर वाटतं, पण विचार करा. डिस्क अडकली की तिची वाट बघत बसलेली प्रोसेस अशा झोपेत जाते की किल मायनस नाइननंही उठत नाही. अनमाउंट करायला गेलात तर तेही अडकतं. म्हणजे रीस्टार्टमधलं "बंद कर" हेच फसतं. आणि "बंद कर" फसलं की पेसमेकरकडे दोनच वाटा: फेन्सिंग लावलेलं असेल तर नोड पाडायचा, नसेल तर रिसोर्स आहे तिथंच गोठवायचा. गोठला की दुसरा सर्व्हर नुसता बघत बसतो.

मग दुसऱ्या नोडनं सरळ डिस्क उचलली तर? नाही! पहिला नोड अजून अर्धवट जिवंत असेल आणि दोघांनी एकाच एक्स्ट-फोरवर लिहायला सुरुवात केली, तर नोंदी हरवणार नाहीत, अख्खी फाइल सिस्टिम फाटेल. एका वहीत दोघं एकाच ओळीवर लिहितायत असं समजा. म्हणून आधी पहिला नोड नक्की पडलाय याची खात्री, मगच दुसऱ्यानं उचलायचं. फेन्सिंग बंद करून चालवलेला क्लस्टर ही माझ्या मते सगळ्यात महाग काटकसर आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. यानं सगळं सुटत नाही. बिघाड एका नोडच्या रस्त्यात असेल तर दुसरा नोड वाचवेल. पण खालचं स्टोरेजच गेलं असेल, तर दोन्ही नोडना तीच मेलेली डिस्क दिसणार. तिथं उपयोग बॅकअपचा किंवा डेटाच्या दुसऱ्या प्रतीचा. क्लस्टर एका डिस्कच्या दोन करत नाही.

आणि आता शेवटचं, जे आम्ही सगळ्यात आधी करायला हवं होतं. करून बघा. लॅपटॉपवर दोन छोटी व्हर्च्युअल मशीन उभी करा, क्लस्टर बनवा. एक डिस्क मुद्दाम फक्त-वाचा करून पुन्हा माउंट करा. लेव्हल 0 वर दिवा हिरवाच राहील. मग लेव्हल 20 लावा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. पुढचा प्रयोग, डिस्कला कर्नलमधूनच ऑफलाइन करा आणि घड्याळ लावून बघा, दुसरा नोड किती वेळात काम उचलतो. हे चालत्या सर्व्हरवर करू नका, प्लीज! पण नवीन क्लस्टर लोकांच्या हाती देण्याआधी एकदा नक्की करा. जो क्लस्टर तुम्ही कधी मुद्दाम पाडला नाही, तो पडल्यावर कसा वागेल हे तुम्हाला माहीत नसतं.

त्या दिवशी दुपारी मी काकांना परत फोन केला. म्हटलं, "काका, चूक आमची होती. तुमचं नेट नीट होतं." ते हसले. म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुमच्या मशीननं लिहिलं की मी परत बघतो. वही तर असतेच."

तेव्हापासून कुठलाही हिरवा दिवा बघितला की मी पहिला प्रश्न विचारतो: याला नक्की काय विचारलं म्हणून हा "हो" म्हणतोय?

तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये किंवा ऑफिसात असा खोटा हिरवा दिवा कधी भेटलाय का? कॉमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव न घेता. हा भाग सर्व्हरवाल्या मित्राला पाठवा, विशेषतः या आठवड्यात ज्याच्याकडे ऑन-कॉलचा फोन आहे त्याला. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!