विश्वतंतूंचा गुंता आणि गुरुत्वीय लहरी
(मंडळाच्या व्यासपीठावरील भाषणाचा संक्षेप)



आरतीनंतर भौतिकशास्त्र ऐकायला थांबलात, त्याबद्दल आधी आभार!

पाणी गोठताना सुरुवात अनेक ठिकाणी एकदम होते आणि हे भाग जिथे नीट जुळत नाहीत तिथे रेषा राहतात. बाल्यावस्थेतले विश्व थंड होताना असेच घडले असावे, असे टॉम किबल यांनी १९७६ साली मांडले. त्या रेषा म्हणजे कॉस्मिक स्ट्रिंग. आपण विश्वतंतू म्हणू. जाडी प्रोटॉनहून कितीतरी कमी, पण सुरुवातीच्या अंदाजाने पन्नास-साठ मीटर तंतूत अख्ख्या चंद्राचे वस्तुमान!

खरी गंमत दोन तंतू भिडतात तेव्हा. ते टोकांची अदलाबदल करतात. एकच तंतू स्वतःला छेदून गेला, तर त्याचा फास सुटा होतो. हा फास थरथरतो, गुरुत्वीय लहरी सोडतो आणि आक्रसत संपतो. किती ऊर्जा बाहेर पडेल, याचे गणित तन्मय वाचस्पती आणि अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८५ मध्ये केले. फासाचा एखादा बिंदू क्षणभर प्रकाशाचा वेग गाठतो. पोतराजाचा आसूड कडाडावा, तसा तिथून लहरींचा झोत निघतो.

वाद आहे तो संगणकावरच्या प्रारूपांचा. तंतूला जाडीच नाही असे मानले, तर फास दीर्घकाळ लहरी सोडतात. जाडी धरून केलेल्या काही गणितांत मात्र ते लवकर विरतात आणि ऊर्जा कणांत जाते. इतकी सूक्ष्म जाडी आणि विश्वाएवढी लांबी, दोन्ही एका संगणकात मावत नाहीत, हे दुखणे आहे. माझा कल पहिल्या बाजूकडे, पण पैज लावणार नाही.

नारायणगावजवळच्या खोडदची, ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजून अशा लहरी शोधणाऱ्या भारतीय गटाची ती मुख्य दुर्बीण. जून २०२३ मध्ये या गटासह जगातील अनेक गटांनी अतिमंद लहरींच्या गुंजारवाचे पुरावे जाहीर केले. बहुतेकांचा संशय महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांवर आहे. अमेरिकेतील नॅनोग्रॅव्ह गटाच्या विश्लेषणात साधे तंतू नीट बसले नाहीत. सुपरस्ट्रिंग मात्र बरे बसले. ते भिडले तरी बऱ्याचदा आरपार निघून जातात, त्यामुळे जाळे दाट राहते आणि आवाज वाढतो. साध्या तंतूंचे वजन मात्र, नेहमीच्या प्रारूपांनुसार, जुन्या अंदाजाच्या दहा हजारांश भागापर्यंत खाली आणावे लागले आहे.

आता प्रश्न विचारा. प्रसाद शिल्लक आहे, असे कार्यकर्ते खुणेने सांगत आहेत.