हाक वेळीच ऐकू या
(ढाणकी येथे माता व अंगणवाडी सेविकांसमोर केलेले भाषण)



‘याचा बापबी उशिराच बोलला होता, हाबी बोलन,’ असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. पुष्कळदा ते खरेही ठरते; परंतु ज्या बालकाला ऐकूच येत नाही, त्याची मोलाची वर्षे या एका वाक्यापायी वाया जातात.

हा भेद ओळखणे हेच बालमानसशास्त्रज्ञाचे कार्य. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी परदेशी कसोटी जशीच्या तशी न स्वीकारता, भारतीय बालकांचे निरीक्षण करून मापदंड सिद्ध केले. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी त्यात पाहतात : मान धरणे, आवाजाकडे वळणे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे. बाळ खेळते, तपासणारा पाहतो. त्याला कोणते साहाय्य हवे, ते त्यातून कळते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतच तपासणी होते. शंका आल्यास बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ढाणकीहून यवतमाळ दूर. दिवसाची मजुरी बुडते, हे मी जाणतो. म्हणून माझी एकच विनंती : त्या आईला दोष देऊ नका. शेजारणींनो, तिच्यासोबत एसटीत बसा.