शिंप्याची वही

बाजारांतून तयार सदरा आणतां येतो, तसाच कापड घेऊन शिंप्याकडून मापानें शिवूनही घेतां येतो. संगणकाच्या आज्ञावलीचेंही तसेंच आहे. तिचें तयार रूप मिळतें. आणि तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, घेऊन ती आपल्या यंत्रावर गरजेप्रमाणें घडवितांही येते. यालाच कंपाइल करणें म्हणतात. घडविण्यापूर्वीं मापें द्यावीं लागतात: कोणतें अंग हवें, कोणतें नको, तयार वस्तु कोठें ठेवावी. हे पर्याय 'कॉन्फिगर' या आज्ञेपुढें लिहावयाचे. १९९१ सालीं डेव्हिड मॅकेन्झी यांनीं सुरू केलेल्या ऑटोकॉन्फमुळें ही रीत रूढ झाली. परंतु ओळ लांबत जाते आणि तेथेंच माणूस फसतो.

माझीच गोष्ट सांगतों. वसईच्या पावसाळी ओलीनें माझ्याजवळचे शाळेचे जुने वार्षिक अंक विरूं लागले होते. त्यांतील मुलांचें लेखन नाहींसें होऊं नये म्हणून पानांचीं टिफ प्रकारचीं चित्रें घेतलीं आणि त्यांवरील अक्षरें टेसरॅक्टकडून वाचून घेण्याचें ठरविलें. ही आज्ञावली मूळ ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत घडली व २००५ सालीं सर्वांस खुली झाली. चित्रें उघडण्याचें काम ती लेप्टोनिका नांवाच्या संग्रहावर सोंपविते. जुन्या संगणकावर मीं दोन्ही नीट घडविलीं होतीं. नवा संगणक आला. जुना फोल्डर मीं पुसून टाकला आणि पर्याय आठवले तसे दिले. कंपाइल निर्वेध झालें. पण टिफचें एकही पान उघडेना!

टिफचा सहायक संग्रह नव्या यंत्रावर नव्हता. लेप्टोनिका घडवितांना 'विथ-लिबटिफ' हा पर्याय स्पष्ट लिहिला असता, तर काम तेथेंच थांबलें असतें आणि उणीव कळली असती. मी तो विसरलों, म्हणून तें अंग गाळून काम मुकाट्यानें पुढें गेलें. सबब, ओळ लांब असणें हा दोष नव्हे; ती लिहून न ठेवणें हा दोष.

शिंपी मापें तोंडपाठ ठेवीत नाहीं, वहींत टिपतो. तसेंच संपूर्ण आज्ञा एका लहान फाइलींत लिहावी व तीच चालवावी. एका ओळीवर एकच पर्याय. आणि शेवटची सोडून प्रत्येक ओळीच्या अखेरीस उलटी तिरपी रेघ. रेघेनंतर रिकामी जागासुद्धां राहूं देऊं नये, नाहींतर आज्ञा तेथेंच तुटते. प्रत्येक पर्यायाचें कारण फाइलीच्या माथ्यावर हॅश चिन्हानंतर लिहावें. ही फाइल सोर्सच्या फोल्डरबाहेर असावी, म्हणजे तो पुसला तरी ती उरते.

ज्यांनीं आधींच कंपाइल केलें आहे, त्यांनींही निराश होऊं नये. त्या फोल्डरांत 'कॉन्फिग डॉट लॉग' नांवाची फाइल असते. तिच्या आरंभींच दिलेली आज्ञा नोंदलेली असते. मात्र कॉन्फिगर पुन्हां चालवितांच ती नव्यानें लिहिली जाते. म्हणून अगोदर ती ओळ उतरून घ्यावी. लिनक्सचा गाभा घडविणारे तर आपले हजारों पर्याय 'डॉट कॉन्फिग' या फाइलींतच ठेवितात.

माझे अंक आतां वाचले जात आहेत. पाठांतराचा आग्रह मीं जन्मभर मुलांपाशीं धरिला. या एका बाबतींत मात्र सांगतों, पाठ करूं नका, लिहून ठेवा.